सावित्रीबाईंचा शेवटचा महिना

मैत्रिणींनो, ३ जानेवारी जवळ आली की आमच्या बिबवेवाडीच्या गल्ल्यांतून छोट्या छोट्या सावित्रीबाई दिसायला लागतात. आईची साडी कशीबशी नऊवारीसारखी खोचलेली, कपाळावर कुंकवाची ठळक आडवी चिरी, हातात पाटी नाहीतर एखादं जाडजूड पुस्तक. महिला मंडळाच्या कामामुळे शाळांमधून मला बोलावणं येतं, कधी बक्षीस द्यायला, कधी परीक्षक म्हणून. मुली घडाघडा भाषण म्हणतात. नायगावचा जन्म, भिडे वाड्यातली शाळा, अंगावर आलेलं शेण, पिशवीतलं दुसरं लुगडं... आणि टाळ्या. कौतुक वाटतंच. पण एक गोष्ट मला हल्ली खटकते. ही भाषणं १८५२ सालाच्या आसपास संपतात. सावित्रीबाई मात्र त्यानंतर चांगली ४५ वर्षं जगल्या आणि शेवटच्या दिवसापर्यंत राबल्या! त्या गेल्या कशाने असं विचारलं तर मुली सांगतात, प्लेगने. बस्स, एवढा एकच शब्द.

२०२० साली करोनाची साथ आली, घराबाहेर पडायची चोरी झाली आणि हा एक शब्द माझ्या डोक्यात बसला. टाळेबंदीत दुपारी वेळच वेळ होता. घरातली जुनी पुस्तकं काढली, काही मैत्रिणींकडून मागवली. सावित्रीबाईंचं शाळेनंतरचं आयुष्य मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं. बी.ए. झालेली मी, पण कबूल करते, पन्नाशीला टेकेपर्यंत मलाही त्या भाषणातल्या मुलींएवढंच माहीत होतं. आज जे लिहितेय ते त्या वाचनातून, आणि त्या वर्षी आमच्याकडून झालेल्या एका चुकीतून.

सुरुवात तुम्हाला ठाऊकच आहे, म्हणून भरभर सांगते. ३ जानेवारी १८३१ चा जन्म, सातारा जिल्ह्यातलं नायगाव. १८४० मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, जोतीराव फुल्यांशी लग्न. तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती, ती नवऱ्याने करून दिली. पुढे शिक्षिकेचं रीतसर प्रशिक्षण घेतलं. १८४८ ला भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, मग आणखी शाळा, महार-मांगांच्या मुलामुलींसाठी वेगळ्या शाळा. त्यांच्याच शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीने लिहिलेला निबंध १८५५ साली ज्ञानोदयात छापून आला, आणि त्यात तिने आपल्या लोकांच्या हालांबद्दल इतके थेट प्रश्न विचारले की आजही वाचताना आपण चपापतो. शाळांसाठी सासरचं घर सोडावं लागलं होतं. १८५२ मध्ये इंग्रज सरकारने विश्रामबागवाड्यात या कामाचा जाहीर सत्कार केला. भाषणं संपतात ती इथे.

आता पुढचं सांगते. १८६३ मध्ये फुले दांपत्याने आपल्या घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल हवं तर न्यावं, नको तर ठेवून जावं. त्या काळी अशा बाईपुढे विहीर नाहीतर तुरुंग एवढेच रस्ते होते. या बायका बहुतेक ब्राह्मण घरांतल्या. ज्या समाजातल्या लोकांनी शेण फेकलं, त्याच समाजातल्या लेकीबाळींची बाळंतपणं सावित्रीबाई करत होत्या. काशीबाई नावाच्या अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनी १८७४ च्या सुमारास दत्तक घेतला. त्याचं नाव यशवंत. स्वतःचं मूल नव्हतं, हाच त्यांचा लेक. पुढे तो डॉक्टर झाला. हे लक्षात ठेवा, शेवटच्या महिन्यात तो पुन्हा येणार आहे.

आणि १८६८ साली घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. हे वाक्य आपण किती सहज वाचतो ना? पण बायांनो, पाण्याचा हौद घरात सांभाळायची कोण? पाणी भरायची, सोवळंओवळं बघायची, शेजारणींचे टोमणे ऐकायची कोण? बाईच. नवऱ्याने ठराव केला तरी तो रोज सकाळी अमलात आणायची ती सावित्रीबाईंनी. माझ्या सासूबाई सांगायच्या की त्यांच्या लहानपणी गावात पाणी वरून ओंजळीत ओतायचे. म्हणजे सावित्रीबाईंच्या हौदानंतर ७०-८० वर्षांनीसुद्धा तेच चाललं होतं!

मग १८७६-७७ चा दुष्काळ. दख्खनमध्ये पाऊस गेला, गुरं गेली, माणसं गावं सोडून निघाली. सरकारने दुष्काळी कामं काढली होती, पण कलकत्त्याचा जीव खर्चात अडकलेला. सर रिचर्ड टेंपल या बड्या साहेबाने मजुराची मजुरी इतकी खाली आणली की दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला एक पौंड, म्हणजे जेमतेम अर्धा किलो धान्य आणि वर किरकोळ पैसे मिळत. आपल्याकडच्या मजुरांनी त्याविरुद्ध काम टाकलं. धान्य अजिबात नव्हतं असं नाही. व्यापाऱ्यांकडे होतं, रेल्वेने फिरतही होतं, पण ते विकत घ्यायला मजुराच्या हातात काही नव्हतं. पाऊस आभाळाने नेला. पोटाचा हिशोब मात्र कचेरीत बसून झाला.

या काळात सत्यशोधक समाजाची माणसं अन्न गोळा करून वाटत होती. आपल्या बिबवेवाडीच्या वाचकांना मुद्दाम सांगते, दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुलांसाठी त्यांनी व्हिक्टोरिया बालाश्रम काढला तो धनकवडीला. आपल्या शेजारच्या धनकवडीला! बिबवेवाडीहून रिक्षाने दहा मिनिटं. मी लग्न होऊन इकडे आले त्याला २५ वर्षं होतील, भाजीला, दवाखान्याला, लग्नकार्याला शेकडो वेळा धनकवडीला गेले असेन, पण हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आता तिथल्या इमारतींच्या गर्दीत मी उगाच इकडे तिकडे बघते. दुष्काळातली पोरं इथे रांगेत बसली असतील, भाकऱ्या इथे थापल्या गेल्या असतील.

सावित्रीबाई तेव्हा जुन्नरकडच्या ओतूर भागात होत्या. तिथून त्यांनी एप्रिल १८७७ मध्ये जोतीरावांना लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. त्यातला प्रसंग माझ्या शब्दांत सांगते. त्या भागात सावकारांविरुद्ध गोंधळ झाला आणि सत्यशोधकांची मदत करणारी माणसंच पोलिसांनी आत टाकली. सावित्रीबाई सरळ कलेक्टरसमोर उभ्या राहिल्या. आम्ही उपाशी माणसांना जगवतोय, हा गुन्हा आहे का, असा त्यांचा मुद्दा होता. कलेक्टरला तो पटला. माणसं सुटली, आणि वर त्याने चार गाड्या ज्वारी पाठवली.

मला हा प्रसंग फार आवडतो. त्यात रडणं नाही, विनवणी नाही. ४६ वर्षांची बाई साहेबाच्या कचेरीत जाते आणि सरकारला त्याचंच काम समजावून सांगते, तेही हिशोबाने. आपण वॉर्ड ऑफिसात साध्या दाखल्यासाठी गेलो तरी खिडकीपाशी शब्द विसरतो. निदान माझं तरी तसं होतं. मागे एकदा एका कार्यालयात एका म्हाताऱ्या बाईंच्या पेन्शनच्या कामासाठी तीनदा गेले आणि तिन्ही वेळा उद्या या ऐकून मुकाट परत आले. चौथ्या वेळी हा कलेक्टरचा प्रसंग आठवून गेले. काम झालं असं नाही, पण लेखी उत्तर मागून घेतलं.

दुष्काळाच्या त्याच सुमाराला, १८७६ पासून काही वर्षं, जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून त्याच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चायचा ठराव आला. कमानी, तोरणं, रोषणाई. सगळ्या सभासदांनी माना डोलावल्या, एकट्या जोतीरावांनी विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्या, असं त्यांचं म्हणणं. ठराव अर्थातच मंजूर झाला. पण लोकांच्या पैशातला पहिला घास कोणाला, हा प्रश्न त्या घरात नवरा-बायको दोघांच्याही अंगी मुरला होता. घरातलं बोलणं काय होत असेल याचा मी अनेकदा विचार करते.

१८९० च्या २८ नोव्हेंबरला जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवं कोणी धरायचं यावरून भाऊबंदांनी वाद घातला, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः ते हातात घेतलं, पुढे चालल्या आणि अग्नीही दिला. आजही किती घरांत बाईला स्मशानात येऊ देत नाहीत ते तुम्हाला माहीत आहे. मग १८९३ मध्ये सासवडला सत्यशोधक परिषद भरली, तिच्या अध्यक्ष सावित्रीबाई. विधवा, साठी ओलांडलेल्या. हडपसरच्या ससाणे घराण्यातली मुलगी यशवंतांना दिलेली होती, तीही १८९५ मध्ये गेली. यशवंत लष्करात डॉक्टर म्हणून नोकरीला, दूर. गंज पेठेतल्या घरात तशा एकट्याच. आपल्याकडे या वयाच्या बाईने माळ ओढावी, नातवंडं खेळवावीत अशी अपेक्षा असते.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी बंदराच्या वस्तीत गाठीचा ताप दिसला. दोन वर्षांपूर्वी हाँगकाँगला ज्याने हाहाकार केला तोच हा प्लेग, जहाजांबरोबर आलेला. वर्ष संपता संपता तो पुण्यात पोचला. घरात उंदीर मरून पडायचे, मग माणसाला फणफणून ताप, जांघेत नाहीतर काखेत गाठ, आणि बहुतेकदा दोन-चार दिवसांत खेळ खलास. हा रोग उंदरावरच्या पिसवा पसरवतात हे १८९८ मध्ये, म्हणजे सावित्रीबाई गेल्यानंतर, एका फ्रेंच डॉक्टरने शोधलं. तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं की धोका रोग्याच्या अंगावरच्या कांबळ्यात लपलाय. त्यात १८९६ ला पाऊसही दगा देऊन गेला होता. म्हणजे एका हाताने दुष्काळ, दुसऱ्या हाताने साथ.

शहरातली निम्मी माणसं पुणं सोडून गेली म्हणतात. ज्यांचा गावाकडे वाडा, शेत, नातेवाईक, ते बैलगाड्या जुंपून निघाले. राहिले कोण? ज्यांना जायला ठिकाण नाही ते. मैत्रिणींनो, २०२० च्या मार्चअखेर उलटं चित्र होतं, नाही का? ज्यांना घर होतं ते घरात बसले, आणि ज्यांना नव्हतं ते रस्त्याने चालत निघाले. चित्र उलटं, पण माणसं तीच.

सरकारने काय केलं? ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोगांचा कायदा केला. करोनाच्या वेळी मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात जो कायदा लावला गेला तो हाच, सव्वाशे वर्षांपूर्वीचा! पुस्तकात तो वाचला तेव्हा आश्चर्य वाटलं, केवढासा तो. मुळात चार कलमं. एकात कायद्याचं नाव आणि तो कुठे लागू ते, एकात सरकारला हवी ती उपाययोजना करायचा अधिकार, एकात न ऐकणाऱ्याला शिक्षा, आणि एकात चांगल्या हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यांना संरक्षण. झालं. रोग्याला काय मिळेल, त्याची चूल कशी पेटेल, घर जाळलं तर भरपाई कोण देईल, ज्याला कोणी नाही त्याला दवाखान्यापर्यंत कोण नेईल, याचा एक शब्द नाही. मी काही वकील नाही. पण संसार करणाऱ्या बाईला यादी वाचताना काय राहिलं ते लगेच दिसतं.

सावित्रीबाईंनी त्याच दिवसांत यशवंतांना रजा काढून बोलावून घेतलं. हडपसरजवळ ससाणे माळावर, म्हणजे सुनेच्या माहेरच्या परिसरात, गावापासून दूर मोकळ्या जागी दवाखाना उघडला. लेक डॉक्टर, आई सगळं बाकीचं. रोगी शोधायचे, आणायचे, पाणी पाजायचं, घाण काढायची, धीर द्यायचा. कोणत्याही जातीचा रोगी चालेल. आज आपल्याला हे वाक्य विशेष वाटत नाही. पण त्याच साथीत पुढे पुण्यात हिंदूंचं वेगळं, मुसलमानांचं वेगळं, पारशांचं वेगळं अशी प्लेगची इस्पितळं निघाली. प्रत्येक समाजाने आपापल्या माणसांसाठी वर्गणी काढली, डॉक्टर ठेवले. त्यात वाईट काही नाही, सरकारी इस्पितळाच्या भीतीने लोक रोगी लपवत होते, त्यांचे जीव त्यामुळे वाचले असतील. माझा प्रश्न एवढाच, की ज्या समाजाकडे वर्गणीच नाही, त्याने काय करायचं? साथ जात बघत नाही असं आपण सहज म्हणून जातो. खाट मात्र बघते, पाणी बघतं, गाडी बघते.

मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड नावाच्या मुलाला प्लेग झाला. सावित्रीबाईंना कळलं. त्या तिथे गेल्या, पोराला पाठीवर घेतलं आणि हडपसरच्या दवाखान्यात आणलं. मुंढवा ते हडपसर, चार-पाच किलोमीटर तरी असेल. वय ६६.

हे चित्र आता शाळांच्या भिंतींवर असतं, पाठीवर मूल, खाली आईची माया असं काहीतरी लिहिलेलं. माया होतीच. पण माझं भांडण आहे ते माया या एकाच शब्दाशी. नुसती माया म्हटलं की पुढचा प्रश्न विचारायचं आपण टाळतो. त्या पोराला पाठीवर का आणावं लागलं? गाडी का नव्हती? ६६ वर्षांच्या बाईलाच का जावं लागलं? साधी गोष्ट आहे, त्याला आणायला जायचं हे कोणाच्या कामातच लिहिलेलं नव्हतं. कायद्याच्या चार कलमांत नव्हतं, वर्गणीच्या इस्पितळांच्या यादीतही नसणार.

आता आमची चूक सांगते. एप्रिल २०२० मध्ये आमच्या मंडळाने बिबवेवाडीतल्या वस्तीत शिधा वाटायचं ठरवलं. सोसायट्यांनी धुणंभांडी करणाऱ्या बायकांना फाटकातून आत घेणं बंद केलं होतं, मार्केट यार्डात हमाली करणारे घरी बसले होते. गव्हाचं पीठ, तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर, चहा, साबण अशी पिशवी. आम्ही सगळ्या हुशार बायका, त्यामुळे काम अगदी पद्धतशीर केलं. रेशनकार्डाची आणि आधारकार्डाची झेरॉक्स घेऊन यादी केली, म्हणजे कोणी दोनदा नेऊ नये. १४० घरं झाली. यादी टाइप केली, सह्या घेतल्या, फोटो काढले.

आठ-दहा दिवसांनी रस्ता झाडणाऱ्या एका मावशीने मला हटकलं. ओढ्याच्या कडेला पालं टाकून राहणाऱ्या बारा-तेरा घरांना काहीच पोचलं नाही, असं तिने सांगितलं. मी घाईघाईने वही उघडली. खरंच नव्हतं. त्यांच्यापैकी कोणाकडे रेशनकार्ड नव्हतं, आणि आमची यादी तर कार्डावरूनच केलेली! सरकारही त्या महिन्यापासून माणशी पाच किलो धान्य फुकट देत होतं, पण तेही कार्डावर. वस्तीतल्याच एका कामवालीचं नाव गावाकडच्या सासूच्या कार्डावर, तिला इथल्या दुकानात नाही म्हणाले. म्हणजे सरकारच्या चाळणीतून जे खाली पडले, तेच आमच्याही चाळणीतून खाली पडले. आम्ही वेगळी चाळणी आणलीच नव्हती.

त्या दिवशी रात्री झोप लागली नाही, हे खरं सांगते. अपराधी वाटलं म्हणून असेल, किंवा पालातल्या एका बाळंतिणीने काळा चहा पिऊन दोन दिवस काढले हे कळलं म्हणून. दुसऱ्या दिवशी घरोघरून पीठ जमवलं आणि आम्ही चौघी तिकडे गेलो. मंडळात यावरून वादही झाला. पुरावा नसेल तर उद्या कोणीही येईल, असं एका जुन्या सभासद बाईंचं म्हणणं होतं, आणि ते अगदीच चुकीचं होतं असंही नाही, पिशव्या मोजक्याच होत्या. शेवटी पुढच्या महिन्याची यादी ओढ्याकडून वर करत आणायची असं ठरलं. पाच मतं बाजूने, तीन विरुद्ध. तीन जणींपैकी एक अजूनही माझ्याशी नीट बोलत नाही.

सावित्रीबाईंकडे परत येते. मुंढव्याहून ते पोर आणल्यावर त्यांनाही प्लेग झाला. त्याच्याचमुळे झाला की दवाखान्यात आलेल्या आणखी कोणामुळे, हे कोण सांगणार? १० मार्च १८९७ ला रात्री त्या गेल्या. साथीचा कायदा झाल्याला त्या दिवशी ३४ दिवस झाले होते.

आणि त्यानंतर तीन-चार दिवसांतच पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीची घरझडती सुरू झाली. गोरे सोजीर बुटांसकट स्वयंपाकघरात, देवघरात शिरू लागले, रोगी शोधण्यासाठी बायकांना अंगणात उभं करू लागले, सामानसुमान बाहेर काढून जाळू लागले. लोक संतापले. २२ जून १८९७ ला, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्री, गणेशखिंडीत गव्हर्नरच्या बंगल्यावरून परतणाऱ्या रँडवर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. हा इतिहास आपण सगळ्यांनी शाळेत शिकलोय, त्यावर सिनेमाही निघाला. तो खरा आहेच. मला फक्त एवढं दिसतं की त्या तीन-चार महिन्यांच्या पुण्याच्या गोष्टीत एक सरकारी पद्धत होती आणि एक हडपसरच्या माळावरची. घरात घुसून रोगी ओढून नेणं ही एक. दवाखाना आपल्याच माणसांचा आहे असा विश्वास देऊन रोगी आणणं ही दुसरी. पहिलीवर पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली गेली. दुसरी एका वाक्यात उरकली जाते. गव्हर्नरच्या त्याच गणेशखिंडीतल्या बंगल्याच्या आवारात पुढे पुणे विद्यापीठ आलं, आणि २०१४ मध्ये त्या विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव मिळालं, हा योगायोग मात्र कोणी जुळवून आणला नव्हता.

मागच्या वर्षी मी आणि माझी धाकटी जाऊ मुद्दाम गंज पेठेत जाऊन आलो. बिबवेवाडीहून स्वारगेट, तिथून पायी फारसं लांब नाही. फुले वाडा छान राखलाय. तुळशीवृंदावनाजवळ आम्ही थोडा वेळ बसलो. ऊन उतरत होतं, कुठल्याशा शाळेची सहल आली होती, पोरी फोटो काढत होत्या. जावेने मला यशवंतांचं पुढे काय झालं ते विचारलं, तेव्हा तिथेच बसून सांगितलं.

यशवंत आईच्या मागे पुन्हा लष्करात गेले. त्यांनी दुसरं लग्न केलं. १९०५ मध्ये नगरला प्लेगची साथ होती, तिथे रोगी तपासता तपासता त्यांनाही प्लेगने गाठलं आणि १३ ऑक्टोबरला तेही गेले. आई आणि मुलगा, आठ वर्षांच्या अंतराने, एकाच रोगाने, एकाच कामात. मागे राहिल्या त्यांची बायको आणि लहान मुलगी. घरात कमावतं कोणी नाही. पुढे काही वर्षांनी त्या सुनेला पोटासाठी राहतं घर विकावं लागलं. गंज पेठेतलं तेच घर, जिथे हौद खुला झाला होता आणि ज्याच्या अंगणात आम्ही दोघी बसलो होतो.